सेटिंग कोणाच्या हातात? ऑफिस सॉफ्टवेअरच्या मध्यवर्ती नियंत्रणाचा इतिहास

वर्ड, एक्सेल, आउटलुक यांसारख्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग्जची संख्या हजारांत मोजावी लागते. फाइल कोणत्या प्रकारात सेव्ह व्हावी, मॅक्रो चालू द्यावा की नाही, ईमेलसोबत आलेली कोणती फाइल उघडू द्यावी, सॉफ्टवेअरने स्वतःच्या वापराची किती माहिती कंपनीकडे पाठवावी, असे हे लहानमोठे निर्णय असतात. घरच्या संगणकावर ते ज्याचे त्याने घ्यावेत. एखाद्या बँकेत, विद्यापीठात किंवा महापालिकेत मात्र हजारो संगणक असतात आणि तिथे हे निर्णय एका जागेवरून घेऊन सगळीकडे लागू करावे लागतात. विंडोजच्या जगात या कामाचे सर्वांत परिचित साधन म्हणजे ग्रुप पॉलिसी. तिचा आणि तिच्या आधीच्या व नंतरच्या साधनांचा इतिहास तीस-पस्तीस वर्षांचा आहे. साधने बदलत गेली, पण प्रत्येक टप्प्यावर प्रश्न एकच राहिला: सेटिंग नेमकी कुठे लिहिलेली आहे आणि तिथे लिहिण्याचा अधिकार कोणाला आहे?

टेबलावरचा संगणक आणि त्याच्या फाइली

मेनफ्रेमच्या काळात हा प्रश्न उद्भवतच नव्हता. संगणक एकच असे, त्याला जोडलेली टर्मिनल्स म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. सारे काही संगणक विभागाच्या खोलीत ठरत असे. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला आणि पुढच्या दहा वर्षांत तो कचेऱ्यांच्या टेबलांवर पोहोचला, तेव्हा प्रत्येक टेबलावर स्वतंत्र डिस्क आणि स्वतंत्र सेटिंग्ज आल्या.

या विखुरलेल्या यंत्रांना पहिल्यांदा एका दोरीत ओवले ते नेटवर्कने. नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअर सर्व्हरवर 'लॉगिन स्क्रिप्ट' नावाची सोय होती. कर्मचाऱ्याने नाव आणि पासवर्ड दिला की सर्व्हरवर लिहून ठेवलेल्या आज्ञा त्याच्या संगणकावर क्रमाने चालत आणि सामायिक डिस्क, प्रिंटर वगैरे जोडून मिळत. त्या काळी लोकप्रिय असलेल्या वर्डपर्फेक्टच्या नेटवर्क आवृत्तीने आणखी एक युक्ती केली. सॉफ्टवेअर उघडताना ते वापरणाऱ्याची आद्याक्षरे विचारी आणि त्या आद्याक्षरांच्या नावाने ठेवलेली सेटिंगची फाइल वाचून घेई. व्यक्तीची सेटिंग यंत्रापासून वेगळी ठेवता येते, ही कल्पना इथे दिसते.

विंडोज ३.१ च्या काळात सेटिंग्ज साध्या मजकुराच्या फाइलींत असत. विंडोजची 'विन डॉट आयएनआय', वर्डची वेगळी, एक्सेलची वेगळी. चौकटी कंसात शीर्षक आणि त्याखाली 'अमुक बरोबर तमुक' अशा ओळी, एवढाच त्यांचा थाट. वाचायला सोप्या आणि बिघडवायलाही तेवढ्याच सोप्या. नोटपॅड उघडता येणारा कोणीही त्या बदलू शकत होता. संस्थेने घालून दिलेली ओळ आणि कर्मचाऱ्याने स्वतः लिहिलेली ओळ यांत फरक ओळखण्याचा काहीच मार्ग नव्हता.

रजिस्ट्री आणि पहिली पॉलिसी

१९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीने या विखुरलेल्या फाइलींऐवजी 'रजिस्ट्री' नावाचे एकच कोठार पुढे आणले. १९९५ च्या ऑगस्टमध्ये विंडोज ९५ आले आणि रजिस्ट्री घरोघरी पोहोचली. तिची रचना झाडासारखी आहे: मोठ्या फांद्या, त्यांच्या उपफांद्या आणि शेवटी नाव व मूल्य अशी जोडी. दोन फांद्या विशेष महत्त्वाच्या. एक संपूर्ण यंत्राची आणि दुसरी त्या क्षणी लॉगिन केलेल्या व्यक्तीची. वर्ड-एक्सेलच्या बहुतेक आवडीनिवडी या दुसऱ्या फांदीत राहतात.

विंडोज ९५ च्या सीडीवर 'सिस्टिम पॉलिसी एडिटर' नावाचा एक छोटा प्रोग्राम होता. संगणक विभागाने त्यात हव्या त्या खुणा करायच्या, तयार झालेली फाइल ठरावीक नावाने सर्व्हरच्या ठरावीक फोल्डरमध्ये ठेवायची, आणि कर्मचारी लॉगिन करी तेव्हा त्याचा संगणक ती फाइल वाचून आपल्या रजिस्ट्रीत मूल्ये भरून घेई. विंडोज ९५ साठी फाइलीचे नाव 'कॉन्फिग डॉट पोल', तर १९९६ मधील एनटी ४ साठी 'एनटीकॉन्फिग डॉट पोल'. नाव चुकले किंवा फोल्डर चुकला की पॉलिसी लागत नसे आणि कोणतीही सूचनाही येत नसे.

या एडिटरमधील प्रत्येक चौकटीला तीन अवस्था होत्या. बरोबरची खूण म्हणजे 'हे लागू करा'. रिकामी चौकट म्हणजे 'हे लागू असेल तर काढून टाका'. करडी चौकट म्हणजे 'याला हात लावू नका'. करडी आणि रिकामी यांतला फरक ज्याला उमगला नाही, त्याच्या हातून एका क्लिकसरशी सगळ्या कचेरीची सेटिंग पुसली जाऊ शकत होती. आजच्या ग्रुप पॉलिसीतले 'नॉट कॉन्फिगर्ड', 'एनेबल्ड' आणि 'डिसेबल्ड' हे तीन पर्याय म्हणजे त्या तीन चौकटींचेच वंशज.

खर्चाचा हिशेब आणि ऑफिस ९७

मध्यवर्ती नियंत्रणाला जोर मिळाला तो आधी खर्चामुळे. गार्टनर या सल्लागार संस्थेने १९८७ पासून 'मालकीचा एकूण खर्च' ही मोजणी रूढ केली होती. संगणकाची किंमत हा खर्चाचा लहान भाग. खरा पैसा जातो तो देखभालीत, दुरुस्तीत आणि वापरणाऱ्याने बिघडवलेल्या सेटिंग्ज सरळ करण्यात, असा तिचा सूर होता. हाच मुद्दा धरून ओरॅकलचे लॅरी एलिसन यांनी १९९५ मध्ये 'नेटवर्क कॉम्प्युटर'ची कल्पना मांडली. स्वतःची सेटिंग नसलेले, सगळे काही सर्व्हरवरून घेणारे स्वस्त यंत्र, असे तिचे रूप होते. सन कंपनीनेही त्या धर्तीचे जावास्टेशन आणले. मायक्रोसॉफ्टचे उत्तर १९९६ मध्ये 'झीरो अॅडमिनिस्ट्रेशन' या नावाने जाहीर झाले आणि पाठोपाठ त्याची साधनपेटीही आली. तिच्यातल्या 'टास्कस्टेशन' या प्रकारात संगणकावर एकच प्रोग्राम चाले आणि स्टार्ट मेन्यूसुद्धा दिसत नसे. नॉव्हेलनेही १९९८ मध्ये झेनवर्क्स हे स्वतःचे साधन बाजारात आणले.

ऑफिसपुरता विचार केला तर १९९७ हे वर्ष वळणाचे ठरले. ऑफिस ९७ मध्ये वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंटच्या फाइलींची अंतर्गत रचना बदलली. नव्या वर्डमध्ये लिहिलेली फाइल जुन्या वर्ड ९५ मध्ये थेट उघडेना, आणि दोघांचे 'डॉक' हे आडनाव मात्र एकच. मोठ्या संस्थेत सगळे संगणक एका दिवसात बदलत नाहीत. एका मजल्यावर नवे वर्ड, दुसऱ्यावर जुने, अशी स्थिती महिनोन्महिने राहते. उपाय होता, पण तो सेटिंगमध्ये दडलेला होता: नव्या वर्डला नेहमी जुन्या प्रकारातच सेव्ह करायला सांगायचे. ही सेटिंग प्रत्येक टेबलावर जाऊन बदलण्याऐवजी सर्व्हरवरून बदलता यावी म्हणून ऑफिस ९७ च्या रिसोर्स किटमध्ये पॉलिसीचे साचे देण्यात आले. विंडोज ९५ साठी एक, एनटी ४ साठी एक, आउटलुक आणि अॅक्सेससाठी वेगळे. ऑफिसच्या सेटिंग्ज मध्यवर्ती पद्धतीने हाताळण्याचा रीतसर प्रारंभ इथून झाला.

साचा म्हणजे 'एडीएम' नावाची मजकुराची फाइल. तिच्यात काही ठरावीक शब्द क्रमाने येतात. 'क्लास' हा शब्द सांगतो की सेटिंग यंत्राची आहे की व्यक्तीची. 'कॅटेगरी' म्हणजे पडद्यावर दिसणारा गट. 'पॉलिसी' म्हणजे त्या गटातील एक ओळ, 'कीनेम' म्हणजे रजिस्ट्रीतील फांदीचा पत्ता आणि 'व्हॅल्यूनेम' म्हणजे त्या पत्त्यावरील खण. शेवटी 'एंड पॉलिसी'. साचा स्वतः काहीच बदलत नाही. अॅडमिनसमोर, म्हणजे संगणक सांभाळणाऱ्या व्यवस्थापकासमोर, कोणते प्रश्न ठेवायचे आणि त्याचे उत्तर रजिस्ट्रीत कुठे लिहायचे, एवढेच तो सांगतो. त्यामुळे ऑफिसच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर नवे साचे येत राहिले आणि ते वाचणारे यंत्र तेच राहिले.

या पद्धतीत एक मोठी खोट होती. सिस्टिम पॉलिसीने भरलेले मूल्य कायमचे राही. सर्व्हरवरची फाइल काढून टाकली तरी प्रत्येक संगणकाच्या रजिस्ट्रीत ते जसेच्या तसे असे. अॅडमिन मंडळी याला 'टॅटूइंग' म्हणत, मराठीत गोंदण. सेटिंग मागे घ्यायची तर उलट मूल्याची पॉलिसी बनवायची आणि शेवटचा कर्मचारी लॉगिन करेपर्यंत वाट पाहायची, हाच मार्ग. शिवाय हे मूल्य बहुधा ज्या खणात पडे तो वापरणाऱ्याचाही खण असे. लॉगिन झाल्यावर त्याने तीच सेटिंग मेन्यूतून बदलली, तर पुढच्या लॉगिनपर्यंत त्याचेच चाले.

मेलिसाने दाखवलेली फट

संस्थेची सेटिंग आणि व्यक्तीची सेटिंग एकाच खणात असण्याचा धोका व्हायरसांनी उघड केला. वर्डमध्ये मॅक्रो, म्हणजे दस्तऐवजातच दडलेला छोटा प्रोग्राम, ठेवता येत असे. १९९५ मध्ये 'कन्सेप्ट' नावाचा पहिला दूरवर पसरलेला मॅक्रो व्हायरस आला. ऑफिस ९७ ने त्यावर एक इशारा दिला: फाइलीत मॅक्रो आहे, चालू द्यायचा का? त्याच चौकटीत 'दर वेळी विचारा' अशी एक खूण होती आणि वापरणारा ती काढून टाकू शकत होता. रोज तोच प्रश्न पाहून कंटाळलेले लोक ती काढतही असत.

२६ मार्च १९९९ रोजी 'मेलिसा' पसरला. ईमेलने आलेली वर्डची फाइल उघडली की तो आउटलुकच्या पत्त्यांच्या यादीतील पहिल्या ५० जणांना स्वतःची प्रत पाठवी. काही मोठ्या कंपन्यांना आपले मेल सर्व्हर बंद ठेवावे लागले. मात्र पत्रे पाठवण्याआधी तो जे काम करी, ते या इतिहासाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. तो वर्ड ९७ मधली मॅक्रोविरोधी खूण स्वतःच काढून टाकी. वर्ड २००० सापडले, तर वापरणाऱ्याच्या रजिस्ट्रीतील मॅक्रो सुरक्षेची पातळी सर्वांत खालच्या अंकावर आणी आणि मेन्यूतील 'सिक्युरिटी' हा पर्याय करडा करून ठेवी. ऑफिस २००० तोवर सर्वसाधारण विक्रीला आलेही नव्हते. ते जूनमध्ये आले. वापरणाऱ्याला सेटिंग बदलता येते, म्हणून वापरणाऱ्याच्या नावाने चालणाऱ्या व्हायरसलाही ती बदलता येते, हा धडा यातून मिळाला.

४ मे २००० रोजी 'आय लव्ह यू' नावाचा दुसरा लोंढा आला. तो ऑफिसचा मॅक्रो नव्हता, पण आउटलुकच्या पत्त्यांवरूनच पसरला. त्यानंतरच्या महिन्यात मायक्रोसॉफ्टने आउटलुकसाठी जी सुरक्षा दुरुस्ती दिली, तिने धोकादायक प्रकारच्या जोडफाइली उघडण्यालाच मनाई केली. संस्थेला त्यात सूट हवी असेल तर एक्स्चेंज या मेल सर्व्हरवर एक ठरावीक नावाचे सार्वजनिक फोल्डर तयार करून त्यात विशेष फॉर्म भरून ठेवावा लागे. वर्ड-एक्सेलसाठी एक वाट आणि आउटलुकच्या सुरक्षेसाठी दुसरी, हा दुहेरी कारभार काही वर्षे चालला.

विंडोज २००० ची ग्रुप पॉलिसी

१७ फेब्रुवारी २००० रोजी विंडोज २००० बाजारात आले. त्यातील अॅक्टिव्ह डिरेक्टरी ही संस्थेतील माणसे, यंत्रे आणि विभाग यांची झाडासारखी नोंदवही होती. ग्रुप पॉलिसी या नोंदवहीला टांगलेली असे. पॉलिसी पूर्ण संस्थेला लावता येई किंवा एखाद्या विभागाच्या शाखेपुरती ठेवता येई. लागू होण्याचा क्रम ठरलेला होता: आधी त्या यंत्राची स्थानिक पॉलिसी, मग साइटची (म्हणजे एका ठिकाणच्या नेटवर्कची), मग डोमेनची (म्हणजे नोंदवहीत एकत्र नोंदलेल्या सगळ्या यंत्रांची आणि माणसांची), शेवटी विभागाची. दोघांत विरोध असेल तर नंतर लागणारी जिंकते. म्हणजे लेखा विभागाची सेटिंग सर्वसाधारणपणे मुख्य कार्यालयाच्या सेटिंगवर मात करते, आणि मुख्य कार्यालयाला तसे नको असेल तर त्याने 'माझीच चालेल' अशी सक्तीची खूण करावी लागते.

गोंदणाचा प्रश्न सुटला तो रजिस्ट्रीत वेगळी जागा राखल्यामुळे. 'सॉफ्टवेअर' या फांदीखाली 'पॉलिसीज' अशी एक स्वतंत्र उपफांदी ठेवण्यात आली. साधा वापरणारा तिथे वाचू शकतो, लिहू शकत नाही. ऑफिस २००० पासून वर्ड, एक्सेल वगैरे प्रोग्राम आधी या फांदीत पाहतात. तिथे मूल्य सापडले तर तेच प्रमाण मानतात आणि नसेल तरच वापरणाऱ्याच्या स्वतःच्या खणाकडे वळतात. पॉलिसी काढून घेतली की ही फांदी स्वच्छ होते आणि वापरणाऱ्याची जुनी निवड, जी तिच्या जागी शाबूत असते, पुन्हा लागू होते. मेलिसासारख्या व्हायरसने वापरणाऱ्याच्या खणात काहीही लिहिले तरी पॉलिसी असलेल्या संगणकावर त्याचा उपयोग होत नाही.

हा भेद अॅडमिनला दिसावा म्हणून पॉलिसीच्या एडिटरमध्ये दोन रंगांचे ठिपके होते. राखीव फांदीत लिहिणारी खरी पॉलिसी निळ्या ठिपक्याची, आणि जुन्या पद्धतीने वापरणाऱ्याच्या खणात गोंदणारी सेटिंग लाल ठिपक्याची.

दुसरी सुधारणा वेळेची होती. जुनी पॉलिसी फक्त लॉगिनच्या वेळी वाचली जाई. ग्रुप पॉलिसी लॉगिननंतरही दर ९० मिनिटांनी ताजी केली जाते आणि त्यात प्रत्येक संगणक ० ते ३० मिनिटांची स्वतःची यादृच्छिक भर घालतो. ही भर मुद्दाम आहे. सकाळी दहाला एकदम सुरू झालेले हजार संगणक नव्वदाव्या मिनिटाला सर्व्हरवर एकदम तुटून पडू नयेत, यासाठी ती ठेवली आहे. खुद्द डोमेनचे सर्व्हर मात्र दर ५ मिनिटांनी तपासणी करतात.

ऑफिस २००० च्या साच्यांत आणखी एक सोय होती. मेन्यूतील कोणताही पर्याय बंद करता येई. नेहमीच्या पर्यायांची यादी साच्यातच होती. बाकीच्यांसाठी त्या बटणाचा अंतर्गत क्रमांक शोधून टाकावा लागे. एखाद्या कचेरीत वर्डचा 'मॅक्रो' मेन्यू करडा दिसत असेल, तर त्यामागे असा एखादा क्रमांक असे.

साच्यांचा पसारा

यश मिळाले तसा पसाराही वाढला. एडीएम साच्यांची प्रत प्रत्येक पॉलिसीबरोबर सर्व्हरच्या 'सिसव्हॉल' फोल्डरमध्ये साठवली जाई. दर पॉलिसीमागे काही मेगाबाइट आणि पॉलिसी शेकडो, अशा हिशेबाने हा साठा सर्व डोमेन सर्व्हरांवर फिरत राही. साच्यातील सूचना एकाच भाषेत असत, त्यामुळे अनेक देशांत पसरलेल्या कंपनीत जर्मन अॅडमिनने साठवलेला साचा फ्रेंच अॅडमिनला जर्मनमध्येच दिसे. विंडोज व्हिस्टाबरोबर आलेल्या 'एडीएमएक्स' या एक्सएमएल साच्यांनी हे दोन्ही प्रश्न सोडवले. सेटिंगची व्याख्या एका फाइलीत, तिचे भाषांतरित मजकूर दुसऱ्या फाइलींत, आणि सगळ्यांसाठी मिळून सर्व्हरवर एकच मध्यवर्ती कोठार.

ऑफिस २००७ ने सुरुवातीची सेटिंग आणि सक्तीची सेटिंग यांतील रेषा अधिक स्पष्ट केली. सेटअप प्रोग्रामला '/अॅडमिन' अशी आज्ञा दिली की ऑफिस कस्टमायझेशन टूल उघडे. त्यात भरलेल्या सेटिंग्ज ऑफिस बसवताना एकदाच लागत आणि वापरणारा त्या पुढे बदलू शके. जे बदलू द्यायचे नाही, ते ग्रुप पॉलिसीत. याच आवृत्तीत आउटलुकची सुरक्षाही ग्रुप पॉलिसीखाली आणता आली आणि सार्वजनिक फोल्डरची वेगळी वाट अनावश्यक झाली.

मध्यवर्ती साधन स्वतःच धोका ठरू शकते, याचेही एक उदाहरण याच काळातले आहे. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये डेस्कटॉपस्टँडर्ड ही कंपनी विकत घेतली आणि तिचे तंत्र 'ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेस' या नावाने विंडोज सर्व्हर २००८ मध्ये आले. त्यातून संगणकांवरील खात्यांचे पासवर्डही वाटता येत. ते पासवर्ड कुलूपबंद करून सिसव्हॉलमध्ये ठेवले जात, पण त्या कुलपाची किल्ली मायक्रोसॉफ्टच्या जाहीर तांत्रिक कागदपत्रांत छापलेली होती आणि सिसव्हॉल तर डोमेनमधील प्रत्येकाला वाचता येतो. २०१४ च्या मे महिन्यातील दुरुस्तीने नवे पासवर्ड अशा रीतीने ठेवणे बंद केले. आधी ठेवलेले पासवर्ड मात्र अॅडमिनने स्वतः शोधून काढावे लागले.

दुसरी वाट: म्युनिक

मध्यवर्ती नियंत्रण ही केवळ मायक्रोसॉफ्टची मिरासदारी नव्हती. ओपनऑफिस आणि त्यातून २०१० मध्ये वेगळे झालेले लिबरऑफिस आपल्या सेटिंग्ज एक्सएमएलच्या थरांमध्ये ठेवतात: खाली मूळ थर, त्यावर संस्थेचा, सर्वांत वर व्यक्तीचा. संस्थेने आपल्या थरातील मूल्यावर 'फायनल' अशी खूण केली की वरचा थर ते बदलू शकत नाही आणि पर्यायांच्या खिडकीत तिथे कुलपाचे चिन्ह दिसते. विंडोजवर हेच मूल्य रजिस्ट्रीच्या 'पॉलिसीज' फांदीतूनही देता येते.

जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस सोडून लिनक्स आणि ओपनऑफिसकडे वळण्याचा निर्णय घेतला. 'लिमक्स' या नावाने गाजलेला हा प्रकल्प २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणकांपर्यंत पोहोचला. तिथे सर्वांत किचकट काम निघाले ते पत्रांच्या नमुन्यांचे. प्रत्येक खात्याचे स्वतःचे लेटरहेड, स्वतःचे मॅक्रो, स्वतःच्या सवयी. त्यासाठी पालिकेने 'वोलमक्स' नावाचा स्वतंत्र प्रोग्राम लिहिला. तो अधिकाऱ्याचे नाव, खाते, पत्ता आणि दूरध्वनी मध्यवर्ती नोंदीतून घेऊन पत्राच्या नमुन्यात आपोआप भरत असे. नगर परिषदेने २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. तरी ऑफिस सॉफ्टवेअरचे मध्यवर्ती व्यवस्थापन मुक्त सॉफ्टवेअरवरही एवढ्या आवाक्यात चालवता येते, हे म्युनिकने दाखवून दिले.

मॅक्रो पुन्हा परततो

ऑफिस २००७ च्या नव्या फाइलींत मॅक्रोसाठी वेगळे आडनाव आले. साधी 'डॉकएक्स' फाइल मॅक्रो बाळगूच शकत नाही; त्यासाठी 'डॉकएम' लागते. मॅक्रो व्हायरस संपल्यातच जमा आहेत असे काही वर्षे वाटले. २०१४ नंतर ते परतले, पण या वेळी वापरणाऱ्यालाच गळ घालून. फाइल उघडताच 'मजकूर पाहण्यासाठी वरचे पिवळे बटण दाबा' असे चित्र दिसे आणि लोक ते दाबत. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील वीज वितरण कंपन्यांवर सायबर हल्ला होऊन सुमारे २,२५,००० ग्राहकांची वीज गेली. हल्लेखोरांनी त्या कंपन्यांत शिरकाव केला होता तो काही महिने आधी पाठवलेल्या मॅक्रोच्या ऑफिस फाइलींतून. २०१६ च्या सुरुवातीला लॉकी हे खंडणीखोर सॉफ्टवेअरही याच वाटेने पसरले.

मार्च २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ऑफिस २०१६ साठी एक नवी ग्रुप पॉलिसी दिली: इंटरनेटवरून आलेल्या फाइलीतील मॅक्रो सरळ अडवायचा आणि पिवळे बटण दाखवायचेच नाही. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलीला विंडोज एक अदृश्य चिठ्ठी चिकटवते आणि तिच्यावर 'झोन ३' असा शिक्का असतो. पॉलिसी ती चिठ्ठी वाचते. संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवरून आलेल्या हिशेबाच्या फाइली चालतात, बाहेरच्या अडतात. ऑस्ट्रेलियाच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने २०१७ मध्ये संस्थांसाठी जे आठ मूलभूत उपाय सांगितले, त्यांतील एक उपाय केवळ ऑफिसच्या मॅक्रो सेटिंग्जचा आहे.

पॉलिसी असूनही ती लावणारे अॅडमिन नसतील तर काय, हा प्रश्न उरलाच. म्हणून ७ फेब्रुवारी २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट, अॅक्सेस आणि व्हिजिओ या पाच प्रोग्राममध्ये हेच अडवणे आता मूळ सेटिंग असेल. जुलैमध्ये वापरणाऱ्यांच्या तक्रारींनंतर हा बदल थांबवण्यात आला आणि त्याच महिन्यात पुन्हा सुरू झाला. जे नियंत्रण तोवर संस्थांच्या मर्जीवर होते, ते आता सॉफ्टवेअर बनवणाऱ्यानेच सर्वांना लावले.

क्लाउड आणि नवा पक्ष

दरम्यान संगणक कचेरीबाहेर पडला होता. ग्रुप पॉलिसी मिळण्यासाठी यंत्र डोमेनचे सभासद असावे लागते आणि त्याला संस्थेच्या सर्व्हरपर्यंत पोहोचता यावे लागते. घरून काम करणाऱ्याचा स्वतःचा लॅपटॉप यात बसत नाही. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये इंट्यून ही इंटरनेटवरून यंत्रे सांभाळणारी सेवा आणि त्याच वर्षी ऑफिस ३६५ सुरू केले. २०१८-१९ मध्ये ऑफिससाठी स्वतंत्र क्लाउड पॉलिसी सेवा आली. तिच्यात सेटिंग यंत्राऐवजी खात्याला जोडलेली असते. कर्मचाऱ्याने कोणत्याही संगणकावर वर्ड उघडून संस्थेच्या खात्याने साइन इन केले की त्याच्या संस्थेच्या सेटिंग्ज तिथे येतात. डोमेनची गरज नाही. ग्रुप पॉलिसी आणि क्लाउड पॉलिसी यांत विरोध असेल तर क्लाउडची चालते. लहान व्यवसायांसाठीच्या 'अॅप्स फॉर बिझनेस' या स्वस्त आवृत्तीला मात्र ग्रुप पॉलिसी लागू होत नाही. मध्यवर्ती नियंत्रण ही आजही काही अंशी महाग परवान्यांबरोबर मिळणारी गोष्ट आहे.

या टप्प्यावर सेटिंगच्या भांडणात तिसरा पक्ष उतरला: खुद्द सॉफ्टवेअर कंपनी. नेदरलँड्सच्या न्याय आणि सुरक्षा मंत्रालयासाठी झालेली एक तपासणी नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ऑफिस आपल्या वापराच्या २३ ते २५ हजार प्रकारच्या घटनांची माहिती मायक्रोसॉफ्टकडे पाठवते आणि संस्थेला त्यावर पुरेसे नियंत्रण नाही, असे तिच्यात नोंदवले होते. २०१९ च्या वसंतात आलेल्या १९०४ या आवृत्तीपासून नव्या पॉलिसी मिळाल्या: निदानासाठीची माहिती 'आवश्यक' तेवढीच पाठवायची, 'ऐच्छिक'सुद्धा पाठवायची की दोन्ही नाकारायची. कर्मचाऱ्याला आवर घालण्यासाठी बनलेले साधन आता संस्था विक्रेत्याला आवर घालण्यासाठीही वापरू लागली.

आज एखाद्या कचेरीच्या संगणकावर रजिस्ट्री उघडून व्यक्तीच्या फांदीतून 'सॉफ्टवेअर', 'पॉलिसीज', 'मायक्रोसॉफ्ट', 'ऑफिस', '१६.०', 'वर्ड', 'सिक्युरिटी' असे उतरत गेले, तर 'व्हीबीएवॉर्निंग्ज' नावाचा एक खण सापडू शकतो. त्यात १ असेल तर सारे मॅक्रो चालतात, २ असेल तर विचारून चालतात, ३ असेल तर फक्त डिजिटल सही असलेले चालतात आणि ४ असेल तर एकही चालत नाही व तसे सांगितलेही जात नाही. पत्त्यातील १६.० हा आकडा ऑफिस २०१६ पासून बदललेला नाही. क्लाउडची सेवा आपली मूल्ये याच 'पॉलिसीज' फांदीखाली 'क्लाउड' नावाच्या कप्प्यात ठेवते. आणि ज्याच्यासाठी पॉलिसी नेमलेली आहे, त्याचे ऑफिस ती पुन्हा तपासते ते विंडोज २००० ने ठरवलेल्या अंतरानेच: दर ९० मिनिटांनी.